तिसरी पुकार

शांतवन मेश्राम राजुऱ्याच्या चर्चमध्ये कामाला लागला तेव्हा त्याच्यापाशी एक सायकल होती आणि एक व्हॉलीबॉल. तरुण संघाचा सचिव म्हणून त्याला नेमलं होतं. सचिवाने नेमकं काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि जोवर ठाऊक नव्हतं तोवर त्याचं काम फार छान चाललं होतं.

सकाळी कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या, क्वार्टरमध्ये कोणाच्या तरी घरी चहा, दुपारी बसस्टँडमागच्या वस्तीत कोणाच्या तरी घरी वरणभात, संध्याकाळी मैदानावर व्हॉलीबॉल. कोणाचा बाप पिऊन धिंगाणा घालतोय, कोणाची पोरगी बारावीला नापास झाली म्हणून तिचं लग्न उरकायचा घाट घातलाय, कोणाला नर्सिंगला जायचंय पण आई सोडत नाही, हे सगळं त्याला घरच्यासारखं माहीत. रविवारी सकाळी मोठ्यांची उपासना व्हायची आणि संध्याकाळी तरुणांची. तिला पोरंपोरी नुसती बसायची नाहीत. विक्की ढोलकी बडवायचा, बाकीचे गळा फाडून गायचे, आणि म्हातारे पास्टरसाहेब मागच्या बाकावर बसून पायाने ठेका धरायचे. कुरखेड्याहून त्याची आई सुगंधाबाई कधी आली की डोक्याला हात लावायची. म्हणायची, "नवकरी करून राह्यला का पावनचार खाऊन राह्यला रे तू?"

मग एक दुर्दैवी घटना घडली. चंद्रपूरच्या वरच्या ऑफिसने त्याच्याकडून वर्षाचा अहवाल मागवला आणि तो त्याने चांगला लिहिला.

झालं. राजुऱ्याचा अहवाल आदर्श ठरला. कौतुकाचं पत्र आलं, पाठोपाठ एक जुना टाइपरायटर आला, त्यामागे शाईने माखलेलं सायक्लोस्टाइलचं यंत्र आलं. चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीवर 'कार्यालय' अशी पाटी लागली. माणूस कौतुकाला भुलतो, त्यात शांतवनचा काय दोष. लहानपणापासून मिशनच्या वसतिगृहात वाढलेला पोरगा, त्याला 'शाबास' हा शब्द कधी पोटभर मिळालाच नव्हता. आता तिमाही अहवाल, मासिक अहवाल, शिबिराची रूपरेषा, रूपरेषेचा आढावा. सायकलच्या चाकातली हवा गेली तरी त्याला पत्ता नव्हता. मंडळी जेमतेम सत्तर माणसांची, पण रविवारच्या सूचनांचा कागद सायक्लोस्टाइलवर छापून निघू लागला. वास्तविक त्या सूचना पास्टरसाहेब मोठ्याने वाचूनच दाखवायचे.

डिसेंबरात एकदा विक्की ऑफिसात आला. पोलीस भरतीसाठी गडचिरोलीला धावून आला होता आणि अगदी थोडक्यात हुकला होता. घरी तोंड दाखवायची हिंमत नव्हती म्हणून सरळ इकडे आला. शांतवन टाइप करत होता. मान वर न करता म्हणाला, "बस रे, दोन मिनिट." विक्की स्टुलावर बसला. कागद संपला, दुसरा चढला. तिसरा संपल्यावर शांतवनने मान वर केली तेव्हा स्टूल रिकामं होतं. त्या दिवशी तो जे टाइप करत होता त्याचं शीर्षक होतं, 'युवकांशी वैयक्तिक संपर्क: एक आढावा'. आता यावर आणखी काय बोलावं?

विक्की गेला तशी ढोलकी गेली. ढोलकी गेली तशी रविवार संध्याकाळची उपासना एकदा राहिली, दोनदा राहिली, आणि नाताळानंतर राहूनच गेली. शांतवनला वाटलं, शिबिराचं काम हातावेगळं झालं की पुन्हा सुरू करू.

याच दिवसांत त्याचं लग्न ठरलं. मुलगी गावातलीच, सलोमी. मिशनच्या बालवाडीत शिकवायची. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला दोन दिवस पुरायचं. तिचे वडील लच्छूभाऊ कॉलरीत डंपर चालवून निवृत्त झालेले. पास्टरसाहेबांनी लच्छूभाऊंकडे गोष्ट काढली, लच्छूभाऊंनी घरी सलोमीला विचारलं, आणि सलोमी हो म्हणाली. तिने हो म्हटलं ते मैदानावर धोतर नेसलेल्या म्हाताऱ्यांनाही खेळात ओढणाऱ्या त्या सायकलवाल्या शांतवनला. टाइपरायटरवाल्याशी तिची फारशी ओळख नव्हती. साखरपुड्यानंतर तो तिच्या घरी एकदा गेला, तोही लग्नाच्या कार्यक्रमाची टाइप केलेली प्रत द्यायला.

लग्न सोमवारचं धरलं होतं, कारण बुधवारपासून उपवासकाळ लागत होता. ते चाळीस दिवस या चर्चमध्ये लग्न लागत नाही. इस्टर झाल्याशिवाय वाजंत्री नाही. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, शांतवनने कुरखेड्याला तरुणांचं शिबिर ठेवलेलं. लच्छूभाऊंनी तारखा ऐकल्या आणि म्हणाले, "आधी लगीन कोंढाण्याचं म्हणते, तसं हाय जावई. बरं तं बरं, आमचं तरी तीन दिवस आधी ठेवलं."

लग्नाआधी चर्चमध्ये पुकार होते. सूचनांच्या वेळी पास्टर उभे राहून वाचतात की अमक्या-अमकीचा विवाह योजला आहे, कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर सांगावी. लागोपाठ तीन रविवार. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या कोणाची पुकार असली की बायका एकमेकींना कोपरखळ्या मारतात आणि जिची असते ती पायाचा अंगठा न्याहाळत बसते. सलोमीची पहिली पुकार झाली, दुसरी झाली. दोन्ही वेळा तिचे कान लाल झाले, आणि दोन्ही वेळा तिला ते आवडलं.

तिसरी पुकार लग्नाच्या आदल्या दिवशी, रविवारी व्हायची होती. शनिवारी शांतवन नेहमीप्रमाणे सूचनांचा कागद टाइप करायला बसला. संकोची माणूस, म्हणून आपली पुकार तो दर वेळी सगळ्यात खाली टाकायचा. या वेळी वर शिबिर होतं. बस कुठून सुटणार, कोण कोणत्या गटात, भात किती जणांचा. सूचना लांबल्या. स्टेन्सिलचा कागद एकच उरलेला. 'प्रत्येकाने आपली थाळी, ग्लास व पांघरूण आणावे' हे वाक्य बसलं आणि कागद संपला. खाली काहीतरी राहिलंय एवढं त्याच्या लक्षात आलं. काय राहिलं ते त्याने पाहिलं नाही. पुढच्या रविवारी घेऊ, असं म्हणून त्याने समाधानाने यंत्राचं हँडल फिरवलं.

पास्टरसाहेब मूळचे नगरचे, सत्तरीला टेकलेले, आणि समोरच्या कागदावर असेल तेच वाचायचं या शिस्तीचे. रविवारी चर्च गच्च भरलं होतं. कुरखेड्याहून सुगंधाबाई गोतावळ्यासह आलेली, सिरोंच्याहून सलोमीच्या मावश्या. साहेबांनी खणखणीत आवाजात थाळी, ग्लास आणि पांघरूण वाचलं, कागद खाली ठेवला आणि आशीर्वादासाठी हात वर केले. सगळ्या चर्चने एकदम सलोमीकडे पाहिलं. ती उठली आणि बाजूच्या दाराने निघून गेली.

शांतवनच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने खिशातला कागद काढून वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली. तिथे काय असणार?

बाहेर चिंचेखाली लच्छूभाऊ उभे होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "माह्या लेकीच्या जागी तुमी थाळी-गिलास छापलं जावई. आता इस्टरपावतर थांबा म्हणसान. आमी नाई थांबत. आज पुकार झाली तं उद्या लगन, नाई तं हे लगनच नाई." सुगंधाबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून पोराकडे बघत होती.

तो पास्टरसाहेबांच्या मागे धावला. "साहेब, आता वाचा ना. माणसं अजून अंगणातच आहेत."

"अंगणात पुकार होत नसते. उपासनेत होते."

"मग संध्याकाळी एक उपासना घ्या."

"केवळ तुझं लग्न लागावं म्हणून? देवाच्या घरात पळवाट काढू मी?" साहेब चष्मा पुसत राहिले. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण नियमाच्या बाबतीत हा माणूस म्हणजे दगडावरची रेघ. चष्मा नाकावर चढवून ते म्हणाले, "तरुण संघाची रविवार संध्याकाळची उपासना मात्र कमिटीने मंजूर केलेली आहे. ती बंद करा असा ठराव कोणी केलेला मला आठवत नाही. तरुणांनी ती भरवली, तर मी मागच्या बाकावर असेनच. आणि त्यांच्या सूचनांत तुझी पुकार असली, तर वाचीन. पण उपासना तरुणांची हवी, शांतवन. तू आणि तुझी आई नव्हे."

शांतवन पत्र्याच्या खोलीत गेला. सवयीने त्याने टाइपरायटरमध्ये कागद चढवला आणि 'सर्व तरुणांना कळवण्यात येते की' एवढं टाइप केलं. मग त्याचा हात थांबला. कळवणार कसं? कागद छापून दारोदार टाकला तर कोण येणार? गेल्या दोन महिन्यांत त्याने एवढे कागद वाटले होते की पोरं त्यात भजी बांधून न्यायची. कागद तसाच सोडून तो बाहेर आला.

फाटकाशी बशीरभाऊ मंडपवाले बांबूंच्या गाडीला टेकून बसले होते. उद्याचा मंडप निम्मा उभा. त्यांच्या कानावर सगळं आलेलं होतं. राजुऱ्यात बातमीला पाय लागत नाहीत. "मंडप ठेऊ का काढू, तेवढं सांगून दे बापा," ते म्हणाले. "काढाचा असन तं पोरं जेवाले जायाच्या आधी सांग."

"ठेवा भाऊ," शांतवन म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

बशीरभाऊंनी त्याला न्याहाळलं आणि आपल्या एम-एटी गाडीची किल्ली काढून दिली. "सायकलीनं नाई होत हे काम. जा, फिरून ये. आन ज्याच्या घरी जाशीन त्याच्या घरी बस. दारातूनच नोको बोलू, लगनाचं आवतन हाय, लाइटचं बिल नाई."

पहिलं घर विक्कीचं. विक्की अंगणात शेळीला पाला घालत होता. शांतवनला पाहून त्याने पाला घालणं सोडलं नाही. "बसा, दोन मिनिट," तो म्हणाला.

शांतवन बाजेवर बसला. विक्कीने पाला घातला, मग बादली धुतली, मग शेळीचा खुंटा ठोकला जो आधीच पक्का ठोकलेला होता. शांतवन बसून राहिला. ऊन डोक्यावरून सरकलं, पण तो उठला नाही. शेवटी म्हणाला, "विक्की, भरतीत काय झालं होतं रे?"

विक्कीला हे अपेक्षित नव्हतं. तो पुकारीचं ऐकून होता, आता हा माणूस हात जोडील म्हणून वाट बघत होता. तो खाली बसला आणि बोलायला लागला. शेवटच्या वळणावर बुटाचा तळ सुटला, तरी तो तसाच पळाला, एका पावलाने मागे राहिला. बापाने नुसता तो बूट शिवून आणला. शांतवनने घड्याळाकडे पाहिलं नाही. पुन्हा भरती कधी आहे, सराव कुठे करतोस, सकाळी मी येत जाऊ का सोबत, असं विचारत राहिला. विक्की हसला. "तुमी? तुमच्यानं चर्चभवती एक चक्कर होत नाई." मग तो आत गेला आणि खुंटीवरची ढोलकी घेऊन आला. तिच्या कातड्यावरची शाई उडाली होती. "चला," म्हणाला, "आधी कोणाकडे जाचं?"

त्या दुपारी राजुऱ्याने एक वरात पाहिली. पुढे एम-एटीवर घामाघूम नवरदेव, मागे ढोलकी पोटाशी धरलेला विक्की. क्वार्टर, बसस्टँड, कापसाच्या जिनिंगमागची वस्ती. प्रत्येक घरात बसावं लागलं, प्रत्येक घरी चहा प्यावा लागला, आणि प्रत्येक घरात दोन महिन्यांचं काही ना काही साठलेलं होतं. एकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि तिने ते शांतवनला सांगायचं राखून ठेवलं होतं. एकाची आजी गेली होती. शांतवनने तेव्हा शोकाचं पत्र पाठवलं होतं, सही-शिक्क्यासकट. त्या घरात तो चहा संपल्यावरही बसून राहिला. बाहेर पडताना तो मुलगाच त्याला म्हणाला, "चाला भाऊ, येतो मी. तुमचं लगन तं लागलंच पायजे, नाई तं तुमी जन्मभर टाइपच करसान."

सलोमीचं घर वाटेवरच होतं. लच्छूभाऊ ओट्यावर दिसले की शांतवन मान खाली घालून गाडी पळवायचा. आधी पुकार होऊ दे, मग तोंड दाखवू, असा त्याचा हिशोब. "आता कोणाचं घर राह्यलं?" शेवटी विक्कीने विचारलं. शांतवनने आठवून पाहिलं आणि छातीठोकपणे म्हणाला, "कोणाचंच नाही."

दिवेलागणीला चर्चची घंटा वाजली. पोरांनी बाक भरले, मुलींनी वेदीपाशी पळसाची फुलं आणून ठेवली. लग्नाचे पाहुणेही येऊन बसले, कारण एवढी गंमत सोडून घरी कोण थांबणार? सिरोंच्याच्या मावश्यांसोबत सलोमी आली आणि बायकांच्या बाजूला बसली. लच्छूभाऊ दाराशी उभेच राहिले. ढोलकी बद्द वाजत होती, पण विक्कीने तिला असं काही झोडपलं की पत्र्यावरची पाखरं उडाली. पोरं गायली. शांतवनही गायला, आणि गाता गाता त्याला जाणवलं की आपण दोन महिने उपाशी होतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही.

सूचनांची वेळ आली. या वेळी सूचना एकच होती, विक्कीच्या गिचमिड अक्षरातली. पास्टरसाहेब मागच्या बाकावरून पुढे आले आणि कागद डोळ्यांजवळ धरून वाचू लागले, "शांतवन मेश्राम आणि सलोमी यांचा विवाह योजला आहे. ही तिसरी पुकार. या दोघांनी विवाहबद्ध होऊ नये असं योग्य कारण कोणाला ठाऊक असेल, तर त्याने ते आता सांगावं." ते सवयीने क्षणभर थांबले आणि कागदाची घडी घालू लागले.

"माही हरकत हाय," सलोमी म्हणाली.

ती उभी होती. पास्टरसाहेबांनी हा प्रश्न तीस वर्षं विचारला होता आणि आजवर कोणी त्याला उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "बोल बाळ," ते म्हणाले.

"मले सगळ्यायनं विचारलं," सलोमी म्हणाली. आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "बाबानं विचारलं. साहेब, तुमीबी विचारलं. मावशीनं पत्रातून विचारलं. यायनं नाई विचारलं. यायच्याकडून मले कार्यक्रमाचा कागद आला. आज हे साऱ्या गावात घरोघर गेले, बसले, च्या पेले. आमच्या घरासमोरून तीनदा गाडी गेली. मी दारातच उभी होती."

"काखेत कळसा," सुगंधाबाई पुटपुटली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

शांतवन उठला. 'लच्छूभाऊ बसले होते म्हणून' हे कारण ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. बाकांच्या मधल्या वाटेने तो तिच्यापर्यंत चालत गेला. एवढं अंतर संपेलसं त्याला वाटेना. हात कुठे ठेवावेत हेही कळेना, कारण गेले कित्येक महिने त्याच्या हातात कायम एखादा कागद असायचा.

"चुकलो," तो म्हणाला. "लय चुकलो. सलोमी, माह्यासंग लगन करशीन का?"

मंडळीसमोर शुद्ध बोलणारा शांतवन सचिव कुरखेड्याच्या बोलीत बोलला, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. सलोमीने त्याच्याकडे पाहिलं. चांगलं निवांत पाहिलं. तिला घाई नव्हती. तिचे कान लाल झाले.

"करीन," ती म्हणाली.

विक्कीचा हात ढोलकीवर पडणारच होता, पण पास्टरसाहेबांनी त्याला थांबवलं. ते खरोखरच अडचणीत होते. "हरकत नोंदवावी लागते," ते म्हणाले. "आणि ती कशाने दूर झाली तेही. मी काय लिहू?"

"लिहा ना जी," सुगंधाबाई मागून म्हणाली, "पोट्ट्यानं विचारलं म्हून."

मग ढोलकी थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. लच्छूभाऊ दाराशी डोळे टिपत होते आणि कचरा गेला म्हणून बशीरभाऊंना सांगत होते. मंडपाचा उरलेला निम्मा भाग तिथल्या तिथे उभा राहायला लागला.

शांतवनने एम-एटीची किल्ली काढली, पण सलोमी म्हणाली, "गाडीवर नाई. पायदळ सोडून द्या घरी." तेव्हा दोघं पुढे चालायला लागले, मागे मावश्या, त्यांच्यामागे विक्की आणि सगळा तरुण संघ. वाटेत तिने बालवाडीतल्या एका मुलाची गोष्ट सांगितली, जो रोज डब्यातली भाकर कोंबडीला घालतो. शांतवन ऐकत होता, हसत होता. जिनिंगपाशी आल्यावर त्याला एकदम गुरुवार आठवला.

"सलोमी," तो चाचरत म्हणाला, "गुरुवारी कुरखेड्याले शिबिर हाय. तूबी चाल."

ती थांबली. "विचारून राह्यले का सांगून राह्यले?"

"विचारून राह्यलो," तो घाईघाईने म्हणाला.

"मंग येईन," सलोमी म्हणाली आणि पुढे चालू लागली.